घनांच्या जगाची डागडुजी : प्रस्तावना

सॉफ्टवेअर नव्याने कसे बनवावे हे शिकवणारी पुस्तके पैशाला पासरी मिळतात. बनून वापरात आलेले आणि ज्याच्या भरवशावर इतरांनी बरेच काही उभारले आहे असे सॉफ्टवेअर दुरुस्त कसे करावे, याविषयी मात्र फार थोडे लिहिले जाते. या पुस्तकातली प्रकरणे त्या दुसऱ्या कामाविषयी आहेत. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते 'लुआंटी' या ओपन सोर्स व्हॉक्सेल गेम इंजिनाचे. २०२४पर्यंत ते 'माइनटेस्ट' या नावाने ओळखले जात होते.

या इंजिनातले सगळे जग सारख्या आकाराच्या घनांचे असते. डोंगर, पाणी, झाड, भिंत, काहीही घ्या, ते घनांतच मोजले जाते. पडद्यावरच्या चित्रात पिक्सेलचे जे स्थान, तेच त्रिमितीय जगात व्हॉक्सेलचे. खेळाडू कोणताही घन खणून काढू शकतो आणि हवा तिथे ठेवू शकतो. या एका मोकळीकीमुळे इंजिनाचे काम अवघड होते. नेहमीच्या त्रिमितीय खेळात इमारती आणि रस्ते कलाकारांनी आधीच ठरवलेले असतात. कुठून काय दिसेल, सावली कुठे पडेल, याचा बराचसा हिशेब खेळ लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच करून ठेवता येतो. व्हॉक्सेल खेळात ती सोय नाही, कारण समोरची टेकडी खेळाडू पुढच्याच क्षणी पोखरू शकतो. प्रकाश, दृश्यता, टक्कर, सारे काही खेळ चालू असतानाच पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मोजावे, आणि मोजून सापडलेला उपाय लागू करण्यापूर्वी लोकांनी या इंजिनावर काय बांधून ठेवले आहे ते पाहावे, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे. यातला पहिला भाग प्रोग्रॅमर लवकर शिकतात. दुसरा शिकायला वेळ लागतो, कारण तो कोडमध्ये कुठेही लिहिलेला नसतो.

एका प्रयोगाचा पसारा

२००९मध्ये झॅकरी बार्थ यांनी 'इन्फिनिमायनर' हा घन खणण्याचा छोटा खेळ प्रसिद्ध केला. त्याचा कोड बाहेर फुटला आणि नंतर बार्थ यांनी तो खुलाच करून टाकला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मार्कुस पर्सन यांनी 'माइनक्राफ्ट'ची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. २०१०च्या अखेरीस फिनलंडमध्ये पेर्त्तू आहोला यांनी याच धर्तीचे काहीतरी सी++मध्ये स्वतः लिहून पाहायला घेतले. त्यातून माइनटेस्ट उभे राहिले. कोड खुला होता, त्यामुळे इतरांचे हात लवकरच लागले.

पुढचा महत्त्वाचा निर्णय होता लुआ ही भाषा इंजिनाला जोडण्याचा. लुआ १९९३मध्ये रिओ द जानेरोच्या विद्यापीठात जन्मली. ती आकाराने लहान आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायला सोपी आहे. ती आल्यावर खेळाचे नियम सी++मधून लुआत सरकत गेले. आज इंजिनाला दगड किंवा गवत म्हणजे काय हे माहीत नसते. ते सांगणारे 'गेम' आणि त्यात भर घालणारे 'मॉड' लुआत लिहिलेले असतात. २०२३च्या डिसेंबरात आलेल्या ५.८ या आवृत्तीपासून तर इंजिनासोबत तयार खेळ देणेही बंद झाले.

चित्र काढण्याचे काम 'इर्लिख्ट' या जुन्या सी++ लायब्ररीकडे होते. तिच्या मूळ प्रकल्पाचा वेग आणि माइनटेस्टची गरज यांचे जमेना, तेव्हा २०२१मध्ये माइनटेस्टच्या मंडळींनी तिची आपली वेगळी शाखा काढली आणि पुढे ती स्वतःच्या कोडमध्येच सामावून घेतली.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. इंजिनाला असे तीन मजले असल्यामुळे कोणत्याही बगविषयी पहिला प्रश्न पडतो तो मालकीचा. खेळाडू म्हणतो, 'दार उघडत नाही.' दार कदाचित मॉडमध्ये चुकीचे लिहिलेले असेल, टक्कर मोजणारा सी++ कोड चुकत असेल, किंवा दार उघडलेही असेल आणि पडद्यावर जुनेच चित्र राहिले असेल. चुकीच्या मजल्यावर केलेली दुरुस्ती काही दिवस चालते. मग तोच बग दुसऱ्या मॉडमध्ये डोके वर काढतो.

चार बाइटांचा घन

लुआंटीत एका घनाला 'नोड' म्हणतात. मेमरीत एक नोड चार बाइट घेतो. त्यातले १६ बिट तो कोणत्या पदार्थाचा आहे हे सांगतात. पुढचे आठ बिट बहुतेक वेळा प्रकाशाचे असतात, चार दिवसाच्या उजेडासाठी आणि चार रात्रीच्या. उरलेल्या आठ बिटांत नोडचे तोंड कोणत्या दिशेला आहे, पाण्याची पातळी किती आहे, अशा गोष्टी मावतात.

१६ × १६ × १६ नोडांचा मिळून एक 'मॅपब्लॉक' होतो. म्हणजे ४,०९६ नोड, १६ किलोबाइट. इंजिनाचे जवळजवळ सगळे व्यवहार या एककात चालतात. डिस्कवर साठवणे, सर्व्हरवरून खेळाडूकडे पाठवणे, चित्रासाठी त्रिकोण तयार करणे, सारे ब्लॉकनिहाय होते. जगाची हद्द मध्यबिंदूपासून प्रत्येक दिशेला सुमारे ३१,००० नोडांवर आहे. नोडाचे स्थान १६ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात लिहिले जाते, त्याची मर्यादा ३२,७६७. हद्द त्याच्या थोडी अलीकडे ठेवली आहे.

नव्या वाचकाने ४,०९६ हा आकडा लक्षात ठेवावा. कोणत्याही किरकोळ वाटणाऱ्या खर्चाला या इंजिनात या आकड्याने गुणावे लागते. नोडामागे फक्त एक बाइट वाढवू, असा प्रस्ताव वरवर निरुपद्रवी दिसतो. पण मेमरीत दहा हजार ब्लॉक असतील तर त्याची किंमत सुमारे ४० एमबी होते, आणि डिस्कवर आणि नेटवर्कवरही भार वाढतो.

हाच गुणाकार उलट बाजूनेही कामी येतो. दगडाने ठासून भरलेला एक ब्लॉक घ्या. प्रत्येक घनाच्या सहा बाजू धरल्या तर २४,५७६ पृष्ठभाग होतात. पण दगडाला दगड चिकटलेला असतो तिथे मधली बाजू कोणालाच दिसत नाही. बाहेरचे तेवढे ठेवले तर १,५३६ उरतात. एकसारखे शेजारी पृष्ठभाग जोडून मोठे आयत केले तर तत्त्वतः सहाच पुरतात. प्रत्यक्षात इतके स्वस्तात सुटत नाही. शेजारच्या दोन पृष्ठभागांवर उजेड वेगळा पडला की ते जोडता येत नाहीत. शिवाय जोडण्याच्या कामालाही वेळ लागतो, आणि खेळाडू खणत राहिला की ते पुन्हा पुन्हा करावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडाच जास्त वेळ मिळतो. ग्राफिक्स कार्डाचा भार हलका करताना प्रोसेसरचा वाढला, तर काय कमावले हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

शून्याच्या पलीकडे

व्हॉक्सेल इंजिनातले काही बग पाठ्यपुस्तकात शोभतील इतके स्वच्छ असतात. त्यातला पहिला भागाकाराचा. एखादा नोड कोणत्या ब्लॉकात पडतो हे काढायला त्याच्या स्थानाला १६ने भागायचे. ० ते १५ हे नोड शून्य क्रमांकाच्या ब्लॉकात, १६ ते ३१ एक क्रमांकाच्या. इथवर ठीक. आता शून्याच्या पलीकडे जा. −१ हा नोड −१ क्रमांकाच्या ब्लॉकात हवा. पण सी++मधला पूर्णांकांचा भागाकार उत्तर शून्याकडे ढकलतो, त्यामुळे −१ भागिले १६ याचे उत्तर ० येते. नुसता भागाकार वापरला तर −१५ पासून १५ पर्यंतचे ३१ नोड एकाच ब्लॉकात जागा मागू लागतात, जिथे एका दिशेत जागा सोळांचीच आहे. लुआंटीच्या कोडमध्ये यासाठी एक छोटे फंक्शन आहे. ते स्थान ऋण असेल तर भागण्यापूर्वी त्यातून पंधरा वजा करते. ओळ एकच, पण ती विसरून कोणी सरळ भागाकार लिहिला की बग पुन्हा जन्मतो, आणि लिहिणाऱ्याला तो दिसतही नाही, कारण चाचणी करताना बहुतेक जण धन बाजूलाच उभे असतात.

दुसरा बग जगाच्या कडेला भेटतो. लुआंटीत एक नोड म्हणजे चित्राच्या हिशेबात १० एकके. कडेला उभ्या असलेल्या खेळाडूचे स्थान त्यामुळे सुमारे ३,१०,००० एककांवर जाते. ३२ बिटांच्या दशांश संख्येत अचूकतेसाठी २४ बिट मिळतात. इतक्या मोठ्या आकड्याजवळ तिला एककाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा बारीक फरक दाखवता येत नाही. मध्यबिंदूजवळ हीच संख्या केसाएवढा फरकही सांभाळते. त्यावर मॉडेल फिरवण्या-हलवण्याचे गुणाकार चढले की चूक वाढत जाते आणि हातातली कुदळ थरथरू लागते. जगाची हद्द कमी न करता काढलेला तोडगा असा, की चित्र काढताना सगळी स्थाने कॅमेऱ्याजवळच्या एका बिंदूपासून मोजायची. आकडे लहान राहतात आणि अचूकता परत येते. पण मग कोणती संख्या जगाच्या मध्यापासून मोजली आहे आणि कोणती कॅमेऱ्यापासून, याचे भान कोडच्या प्रत्येक ओळीत ठेवावे लागते. एका बगच्या उपायातून नव्या बगांना जागा मिळते ती अशी.

तिसरा प्रकार उजेडाचा. सूर्यप्रकाशाची पातळी १५ असते आणि मोकळ्या जागेत तो सरळ खाली न घटता उतरतो. दिव्याची पातळी जास्तीत जास्त १४. दिव्याचा उजेड दर नोडाला एकाने कमी होत पसरतो. दिवा लावला की आजूबाजूला उजेड पसरवणे सोपे असते. दिवा काढणे अवघड. आधी त्या दिव्यामुळे उजळलेले सगळे नोड शोधून विझवायचे आणि मग उरलेल्या दिव्यांकडून तिथे पुन्हा उजेड आणायचा. हे चालू असताना शेजारचा ब्लॉक मेमरीत नसेल तर काम अर्धवट राहते. म्हणून प्रत्येक ब्लॉकासोबत १६ बिटांची एक खूण साठवली जाते. कोणत्या दिशेला उजेडाचा हिशेब अपुरा राहिला, हे ती पुढच्या वेळी सांगते. भर दुपारी गवतावर पडलेला काळा चौकोन पाहिला, तर अशी एखादी खूण कुठेतरी चुकली आहे असा पहिला संशय घ्यावा.

लॅग म्हणजे नेमके काय

खेळाडूंच्या तक्रारींत सर्वाधिक येणारा शब्द 'लॅग'. त्यात निदान तीन वेगळी दुखणी मिसळलेली असतात. खेळाडूच्या यंत्रावर फ्रेम कमी पडत असतील, सर्व्हरचे काम तुंबलेले असेल, किंवा दोघांमधले जाळे मंद असेल. लक्षणे वेगळी असतात. मान वळवताना चित्र अडखळले तर दोष बहुधा खेळाडूच्या यंत्रात. मान सुरळीत वळते पण खणलेला घन क्षणभराने परत येतो, तर सर्व्हर किंवा जाळे. सर्व्हर आपले काम छोट्या पावलांनी करतो. नेमून दिलेले पाऊल ०.०९ सेकंदांचे आहे. एखादे पाऊल त्याहून लांबले की सगळ्यांचे प्राणी, दारे आणि वाहते पाणी एकदमच रेंगाळतात.

सरासरीवर विसंबून राहिले की हमखास फसगत होते. एका सेकंदात ५० फ्रेम दहा-दहा मिलिसेकंदांत निघाल्या आणि एका फ्रेमला ५०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी ५१ फ्रेम दिसते. आकडा छान आहे. खेळणाऱ्याने मात्र अर्धा सेकंद गोठलेला पडदा पाहिला. म्हणून या पुस्तकात जिथे जिथे मोजमाप येते, तिथे सरासरीच्या शेजारी सर्वांत वाईट फ्रेमही दिली पाहिजे असा आग्रह आहे.

मोजण्याची साधने फुकट आणि चांगली आहेत. खेळातच एफ५ दाबले की फ्रेमची आणि स्थानाची माहिती दिसते, एफ६ने प्रोफाइलर उघडतो. लिनक्सवर 'पर्फ' हा प्रोग्रॅम ठरावीक अंतराने पाहतो की प्रोसेसर या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये आहे. असे हजारो नमुने जमले की खर्च कुठे होतो ते कळते. ब्रेंडन ग्रेग यांनी २०११मध्ये रूढ केलेल्या फ्लेम ग्राफमध्ये ते एका नजरेत दिसते. जे फंक्शन एकूण वेळाच्या पाच टक्केच घेते, ते अगदी नाहीसे केले तरी पाचच टक्के वाचतात. हे समजायला मोठे गणित लागत नाही. तरीही अंदाजाने, डोळ्यांना कुरूप दिसणाऱ्या कोडवर दिवसच्या दिवस घालवले जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार या क्षेत्रात नित्याचा आहे.

वेगाची किंमत

वेग वाढवण्याच्या युक्त्या ढोबळमानाने तीन: मेमरीतून शिस्तीत वाचणे, कचरा कमी करणे, आणि एकदा काढलेले उत्तर जपून ठेवणे. तिन्हींची उदाहरणे लुआंटीत आहेत.

नोड मेमरीत एका ओळीत मांडलेले असतात. सलग येतात ते एक्स दिशेतले शेजारी. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही, शेजारपाजारचा एक तुकडाच उचलतो. म्हणून सगळ्यात आतला लूप एक्सचा हवा. तोच लूप झेडचा ठेवला तर कोड बरोबर चालतो, उत्तरही तेच येते, पण प्रत्येक जिनसासाठी वाण्याकडे वेगळी खेप घालावी तसे होते.

कचऱ्याचे उदाहरण नवी जमीन तयार करणाऱ्या मॉडचे. इंजिन एका वेळी ८० नोड बाजूचा तुकडा घडवते, आणि कडेची झाडे-गुहा नीट जुळाव्यात म्हणून भोवती एकेक ब्लॉक जास्त घेते. म्हणजे ११२ × ११२ × ११२, एकूण १४,०४,९२८ नोड. मॉडने हा सगळा मजकूर लुआच्या टेबलात मागवला तर लुआ चालवणाऱ्या लुआजिटमध्ये नुसते ते टेबल सुमारे ११ एमबींचे होते. दर तुकड्याला नवे टेबल बनवले की जुन्याचा कचरा साठतो आणि तो साफ करायला लुआ मध्येच थांबते. उपाय साधा आहे. एकच टेबल ठेवायचे आणि दर वेळी तेच भरून घ्यायचे. इंजिनाच्या फंक्शनला ते टेबल सोबत देण्याची सोय आहे. वापरली पाहिजे एवढेच.

तिसरी युक्ती सर्वांत फायद्याची आणि सर्वांत धोक्याची. खेळाडूभोवतीच्या चार ब्लॉकांच्या त्रिज्येतला भाग 'सक्रिय' असतो. त्यात अडीचशेहून थोडे जास्त ब्लॉक येतात, म्हणजे दहा लाखांवर नोड. गवत वाढणे किंवा लाव्हा थंड होणे यांसारखे नियम या सगळ्या नोडांना ठरावीक अंतराने विचारले जातात. त्यांना 'एबीएम' म्हणतात. बहुतेक ब्लॉकांत लाव्हा नसतोच, मग दर वेळी ४,०९६ जागा का तपासायच्या? म्हणून ब्लॉकात कोणकोणते पदार्थ आहेत याची छोटी यादी त्याच्याजवळ ठेवली जाते. यादीत लाव्हा नाही, तर तो ब्लॉक सोडून द्यायचा.

वाचवलेला वेळ मोठा आहे. पण त्या यादीचे दुसरे नाव आहे आश्वासन. ब्लॉकात बदल झाला आणि यादी जुनीच राहिली, तर लाव्हा थंड होत नाही आणि कोणतीही चूक कुठेही नोंदली जात नाही. जपून ठेवलेल्या प्रत्येक उत्तराला ते केव्हा शिळे होते हे ठरवणारा कोड लागतो. बग तिथे असतात. एकाहून अधिक थ्रेडवर काम वाटण्याचेही तसेच. ब्लॉकांचे मेश, म्हणजे चित्रासाठीचे त्रिकोण, वेगळ्या थ्रेडांवर बनवले की मुख्य थ्रेड मोकळा राहतो. पण एक थ्रेड वाचत असताना दुसऱ्याने तीच मेमरी बदलली, तर हजारात एकदा उद्भवणारा आणि दाखवू म्हटले की न दिसणारा बग तयार होतो. या कारणाने वेग आणि बग यांची प्रकरणे या पुस्तकात वेगवेगळी ठेवलेली नाहीत.

जुनी जगे

इतर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये दुरुस्त आवृत्ती आली की बग संपतो. व्हॉक्सेल इंजिनात तो संपतोच असे नाही. चुकीचा उजेड ब्लॉकासोबत डिस्कवर लिहिला गेलेला असतो. कोड सुधारला तरी काल साठवलेला काळा चौकोन आज तसाच दिसतो. त्यामुळेच लुआंटीत 'फिक्सलाइट' ही आज्ञा आहे. ती सांगितलेल्या भागातला उजेड पुन्हा मोजते. मॉड काढून टाकल्यावर त्याचे नोड जगात 'अनोळखी' म्हणून उरतात, त्यांच्यासाठी जुने नाव नव्याला जोडण्याची सोय आहे. ब्लॉक लोड होताना एकदाच चालणारे 'एलबीएम' हे नियम जुन्या रचना सुधारून घ्यायलाच उपयोगी पडतात. दुरुस्तीचा अर्धा भाग कोडात असतो आणि उरलेला लोकांच्या डिस्कवर.

साठवणीची पद्धत बदलतानाही हेच भान लागते. २०२२च्या ५.५ आवृत्तीत ब्लॉक दाबून लहान करण्यासाठी झेडलिबऐवजी झेडस्टॅंडर्ड आले. वेगाचा फायदा उघड होता. पण प्रत्येक ब्लॉकाच्या सुरुवातीला त्याच्या लेखनपद्धतीचा क्रमांक असतो, तो पाहून जुने ब्लॉक जुन्या रीतीने वाचणारा कोड तसाच ठेवावा लागला, आणि तो आजही सांभाळावा लागतो. याउलट २०१९मध्ये ५.० काढताना नेटवर्कची जुनी बोली मुद्दाम सोडून दिली गेली. ०.४ मालिकेतले खेळाडू ५.० सर्व्हरवर येऊ शकत नव्हते. साठवलेली जगे मात्र उघडत राहिली. संभाषण तोडले तर माणूस नवी आवृत्ती उतरवून घेऊ शकतो. वर्षानुवर्षे बांधलेले गाव उघडेनासे झाले तर त्याला पर्याय नसतो. कुठे मोडायचे आणि कुठे नाही, याचा हा विवेक शिकण्यासारखा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण आहे ते चालण्याच्या कोडचे. जुन्या कोडमध्ये एक चूक होती. सावकाश चालण्याचे बटण दाबून, विशिष्ट रीतीने रचलेल्या घनांच्या कडा धरत, खेळाडू शिडीशिवाय वर चढू शकत असे. कोणी हे मुद्दाम ठेवले नव्हते. पण खेळाडूंनी ते शोधले, त्यावर जिने आणि मनोरे बांधले, आणि नवख्यांना ते खेळाचा नियम म्हणून शिकवले. पुढे चालण्याचा कोड नव्याने, शुद्ध रीतीने लिहिला गेला, तेव्हा हे जिने निरुपयोगी झाले. तक्रारी आल्या. शेवटी जुनी चूक 'स्नीक ग्लिच' नावाने एक पर्याय म्हणून परत ठेवावी लागली. मुळात ती बंद असते, ज्या खेळाला हवी तो सुरू करू शकतो. नव्या कोडात जुनी चूक हुबेहूब उभी करण्याचे कामही कोणीतरी बसून केले. माइनक्राफ्टमध्येही अशीच एक चूक होती: मध्यापासून सव्वा कोटी घनांपलीकडे जमीन घडवणारे गणित कोसळून चित्रविचित्र कडे उभे राहत. २०११मध्ये ते दुरुस्त झाले, आणि आजही लोक जुनी आवृत्ती काढून तिकडे चालत जातात. चूक ती चूकच असते, पण तिच्यावर कोणाचे काय उभे आहे हे दुरुस्त करणाऱ्याने विचारायला हवे.

पॅचचा प्रवास

ओपन सोर्स म्हणजे कोणीही काहीही बदलावे, असा एक समज असतो. बदल सुचवायला कोणीही मोकळा आहे. तो स्वीकारला जाण्यासाठी मात्र साधारणपणे दोन मुख्य विकासकांची संमती लागते. ही मंडळी बहुतांशी आपला फावला वेळ देणारी असतात. त्यांचा वेळ वाचवणारा पॅच लवकर पुढे जातो. असा पॅच कसा ओळखावा? त्यात एकच गोष्ट बदललेली असते. बग कसा घडवून आणायचा याची पायरीवार कृती असते, शक्यतो एकही जादा मॉड न लावता. वेगाचा दावा असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे, कोणत्या यंत्रावर मोजले यासह असतात.

बग कधी शिरला हे माहीत नसेल तर गिटमधले 'बायसेक्ट' वापरावे. हजार बदलांतून दोषी बदल शोधायला दहा चाचण्या पुरतात, कारण दर चाचणीला उरलेले निम्मे बदल बाद होतात. मेमरीच्या चुकांसाठी ॲड्रेससॅनिटायझर आहे. खेळाडू निघून गेला आहे आणि मॉडच्या हातात त्याचा संदर्भ उरला आहे, अशा जातीच्या गोष्टी तो जागच्या जागी पकडतो. एरवी त्या कुठेतरी दूर, भलत्याच फंक्शनमध्ये क्रॅश होऊन दिसल्या असत्या.

चांगले पॅचही नाकारले जातात, आणि बऱ्याचदा योग्य कारणाने. दोन टक्के वेगासाठी शंभर ओळींचा गुंता घालणारा बदल पाच वर्षे कोणाला तरी सांभाळावा लागतो, आणि तो लिहिणारा तोवर प्रकल्पात असेलच असे नाही. रोगापेक्षा औषध भारी होत असेल तर औषध न घेणे शहाणपणाचे. नाकारलेल्या सूचनांवरची चर्चा वाचण्याची सवय लावावी. कोड काय आहे हे स्वीकारलेल्या पॅचमधून कळते, तो तसा का आहे हे बरेचदा नाकारलेल्यांतून.

पुस्तकाची मांडणी

पहिल्या भागात नोड, ब्लॉक आणि त्यांची साठवण यांचा परिचय आहे. ज्यांना सी++ येते पण व्हॉक्सेल इंजिन पाहिलेले नाही त्यांनी तो टाळू नये. दुसरा भाग मोजमापाचा आहे आणि तो लिनक्स गृहीत धरतो. तिसऱ्या भागात चालत्या इंजिनातले बग घेतले आहेत: उजेड, टक्कर, नेटवर्क आणि थ्रेड. प्रत्येक ठिकाणी लक्षणापासून कारणापर्यंतचा माग दाखवला आहे. चौथा भाग फक्त लुआ लिहिणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना इंजिनाला हात लावायचा नाही, पण आपल्या मॉडमुळे सर्व्हर रेंगाळतो अशी शंका आहे, त्यांनी तो आधी वाचला तरी चालेल. शेवटचा भाग जुन्या जगांशी सुसंगत राहण्याविषयी आहे. आकाराने तो लहान आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाला तो सोडून द्यावासा वाटेल. तसे करू नये अशी विनंती आहे.

ग्राफिक्स कार्डासाठी शेडर लिहिणे आणि जमीन घडवण्याचे गणित या दोन गोष्टी या पुस्तकात नाहीत. दोन्ही मोठे आणि स्वतंत्र विषय आहेत, ओझरता उल्लेख करून त्यांना न्याय मिळाला नसता. आवृत्त्या बदलतील, फाइलींची नावे बदलतील, इथे दिलेला एखादा बग तुम्ही वाचाल तोवर दुरुस्तही झालेला असेल. त्याने अडू नये. जुना कोड रिपॉझिटरीत जसाच्या तसा उपलब्ध आहे आणि सरावासाठी तो अधिक सोयीचा, कारण उत्तर ताडून पाहता येते.

वाचताना इंजिन स्वतःच्या यंत्रावर बांधून शेजारी चालू ठेवावे आणि एक मोठे, जुने, भरपूर बांधकाम असलेले जग हाताशी असू द्यावे. कोऱ्या जगात बहुतेक पॅच बरे दिसतात. पहिल्या दुरुस्तीसाठी असा बग निवडावा जो स्वतः हवा तेव्हा घडवून आणता येतो, मग तो कितीही क्षुल्लक असो. तो सुटल्यावर लगेच पाठवू नये. आधी ते जुने जग उघडावे, तासभर त्यात हिंडावे, आणि काही मोडलेले दिसले नाही तरच पॅच पुढे करावा.